रॅन्समवेअर: खंडणीचं कुलूप

रॅन्समवेअर म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस. ई-मेलला जोडून आलेलं खोटं बिल, फुकटात उतरवलेलं क्रॅक सॉफ्टवेअर, नाही तर जुन्या विंडोजमधली न बुजवलेली फट, अशा वाटांनी तो संगणकात शिरतो आणि फायली जागच्या जागी कुलूपबंद करतो. घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावी ऑनलाइन कामांच्या दुकानात बहुधा एकाच संगणकावर पीकविम्याचे अर्ज, सातबारे, दाखल्यांचे स्कॅन, लग्नपत्रिका असं सगळं साठलेलं असतं. हल्ला झाला की फायली दिसतात, पण नावापुढे भलतीच अक्षरं चिकटलेली असतात आणि एकही उघडत नाही. पडद्यावर मात्र चिठ्ठी झळकते: ठरल्या मुदतीत बिटकॉइनमध्ये पैसे भरा.

27 जून 2017 रोजी हे संकट न्हावाशेवा बंदरात आलं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला 'नॉटपेट्या' मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात पसरला आणि तिच्या समूहाचं इथलं टर्मिनल ठप्प झालं. कंटेनरची कामं हातानं करावी लागली. खंडणीची चिठ्ठी निव्वळ देखावा होती. पैसे भरूनही फायली सुटणार नव्हत्या.

मर्स्कला तारलं ते आफ्रिकेतल्या घाना देशानं. तिच्या जाळ्याचा सगळा नकाशा ज्या मुख्य सर्व्हरांवर होता, ते जगभर एकाच वेळी पुसले गेले. घानातला एक तेवढा वाचला, कारण नेमकी तेव्हा तिथली वीज गेली होती. त्या एका प्रतीवरून कंपनीनं सुमारे दहा दिवसांत 45,000 संगणक पुन्हा उभे केले. भारनियमन सोसलेल्या मराठवाड्याला यातलं मर्म चटकन कळेल: तारेपासून तुटलेली प्रतच वाचते. कायम जोडून ठेवलेली बाहेरची हार्डडिस्कही संगणकाबरोबरच कुलूपबंद होते. म्हणून रोजच्या कामाची प्रत घेतली की ती काढून कपाटात ठेवावी लागते.

हल्ला झालाच, तर आधी नेटची तार काढायची, वाय-फाय बंद करायचं, म्हणजे शेजारचे संगणक वाचतात. फॉरमॅट मारण्याची घाई नको. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकारानं 2016 मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर काही प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात. आपल्या कुलपाची किल्ली तिथे आहे का, हे त्या चिठ्ठीवरून आणि बिघडलेल्या एखाद्या फायलीवरून तपासता येतं.