माझा मोकळा शुक्रवार

(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



शिक्षणासाठी वर्षभर लंडनला राहून आले, तेव्हा चार शब्द बोलावे असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. तेथील थंडी आणि महागाई यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. मी फक्त एका दिवसाविषयी सांगणार आहे. शुक्रवारी मला तास नसत. त्या दिवशी पिशवीत डबा आणि छत्री टाकून मी शहर पहावयास निघे.

प्रथम ब्रिटिश म्युझियम. ते १७५९ साली लोकांसाठी खुले झाले, आणि नेहमीची दालने पाहण्यास पैसे पडत नाहीत. विद्यार्थिनीला ही केवढी सोय! इजिप्तच्या ममींपाशी झुंबड असे. माझे पाय अमरावतीच्या शिल्पांकडे वळत. आपल्या महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेच्या काठी, आंध्रात, हा बौद्ध स्तूप होता. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत भिक्षुणी आहेत, तशा घरसंसार करणाऱ्या बायकाही आहेत. इतक्या शतकांपूर्वी त्यांनी स्वतःच्या नावाने दान दिले याचा अभिमान वाटे. आणि ही शिल्पे आपल्या माणसांपासून इतकी दूर आहेत, हा सलही मनात राही.

तेथून चालत नॅशनल गॅलरी. व्हान गॉगची सूर्यफुले येथेच आहेत. पण मला भावली ती या इमारतीची युद्धकाळातील कथा. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले, तेव्हा सगळी चित्रे लंडनबाहेर नेली आणि पुढे वेल्समधील एका खाणीत ठेवली. भिंती उघड्या पडल्या. तेव्हा मायरा हेस या पियानोवादक बाईंनी तेथे दुपारच्या मैफली सुरू केल्या. तिकीट एक शिलिंग. शहरावर बॉम्ब पडत होते, तरी त्या मैफली १९४६ पर्यंत चालू राहिल्या. १९४२ पासून दरमहा एकेक चित्र परत आणून लोकांना दाखवीत. पोटाला भाकरी हवी तशी मनालाही काही हवे, हे त्या बाईंनी ओळखले होते.

दुपारी सेंट जेम्स पार्कच्या तळ्याकाठी बसून मी डबा खाई. तेथील पेलिकन पक्षी १६६४ साली रशियाच्या वकिलाने राजाला भेट दिले. तेव्हापासून त्या बागेत पेलिकन आहेत. मग हाइड पार्कमधून रमतगमत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम गाठायचे. ते शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत उघडे असते. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे आपल्याकडील विद्यार्थी यांनी १८७२ पासून अनेक वर्षे खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतील पुष्कळशा आगीत गेल्या. उरलेल्यांपैकी कित्येक या संग्रहात आहेत.

भगिनींनो, या दालनांत मला नेहमी दिसत त्या एकट्या आलेल्या वयस्क बायका. कोणी चित्रासमोर तासभर बसलेली, कोणी वहीत रेखाटन करणारी. त्यांना घरी कामे नसतील काय? असतीलच. तरी दोन तास त्या स्वतःसाठी काढीत. आपण बाहेर पडतो ती भाजी, बँक, मुलांची शाळा नाहीतर दवाखाना यांसाठी. काही काम नसताना, नुसते पाहण्यासाठी बाहेर पडायचे म्हटले, की पहिला प्रश्न येतो, "कशाला?" आणि पुष्कळदा तो आपणच आपल्याला विचारतो.

यासाठी विलायत गाठावयास नको. पुण्याला लग्नाच्या खरेदीसाठी आपण जातोच. तेथे दिनकर केळकर यांनी जन्मभर जमविलेला संग्रह आहे. त्या कामी पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. १९७५ साली त्यांनी तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. त्यात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, वज्री आहेत, स्वयंपाकघरातील भांडी आहेत. आपल्या आज्या-पणज्यांच्या हाताखालच्या या वस्तू.

म्हणून कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. दरवर्षीची देवदर्शनाची सहल अवश्य निघावी. पण यंदा तिच्या जोडीला एक दिवस या संग्रहालयासाठी ठेवावा. सुनांना आणावे, नातींना आणावे, आणि ज्यांना घरून निघणे अवघड जाते त्यांना तर आग्रहाने आणावे. बसची वर्गणी जिला जड जाईल तिची मंडळाने भरावी. नावे नोंदविण्याचे काम मी आनंदाने करीन.