दिवस गेल्यावर: ताट आणि प्रश्न

सून गरोदर आहे म्हटलं की घरात डिंक-अळिवाच्या लाडवांची घाई सुरू होते. खरं तर ते बाळंतपणानंतरचं खाणं. आत्ता ताटात नाचणीची भाकरी वाढा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. सोबत मोडाची मटकी, पालेभाजी आणि त्यावर लिंबू पिळायला विसरू नका, कारण क जीवनसत्त्वामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको. तो लोह अडवतो. (सासूबाईंनाही हे ऐकवा, चहाचा आग्रह बहुधा त्यांचाच असतो!)

तरीही घरचं सकस अन्न म्हणजे गोळ्यांना पर्याय नव्हे. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची गोळी घ्यायचीच. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी होते. तिथे मोकळेपणानं विचारा: माझं हिमोग्लोबिन किती? सिझेरियन सुचवताय, ते कशासाठी? प्रसूतीच्या वेळी जवळची बाई सोबत राहील का? सरकारी रुग्णालयांत अशा सोबतिणीला केंद्र सरकारनं २०१६ मध्येच परवानगी दिली आहे.