काळ्या जमिनीचं देणं





मातीची परिषद, आणि ती पुंडलिकनगरात? निमंत्रण हाती पडल्यावर काहींनी असं विचारलं. गारखेडा परिसरातल्या या दाट वस्तीत वावर नाही, हे खरं. पण रोज सकाळी घराघरातून ओला कचरा निघतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये, शहराचा कचरा जिथे टाकला जायचा त्या नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरभर ढीग साचले. शेताला ज्याची भूक, तेच आपल्याला नकोसं झालं होतं. म्हणून ही परिषद इथे.

मराठवाड्याची जमीन काळी, म्हणजे सकसच, असा आपला समज. पण बेसॉल्टपासून बनलेल्या या जमिनीच्या काळेपणावरून ह्यूमसचा, म्हणजे कुजून मुरलेल्या सेंद्रिय द्रव्याचा, अंदाज बांधता येत नाही. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली आला की तो कमी धरतात, आणि असे अहवाल आपल्याकडे नवे नाहीत. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात वरचेवर नांगरट. जमिनीतला कर्ब झपाट्याने उडून जातो.

पालापाचोळा, मुळं, शेण मातीत पडलं की साखर आणि पिष्ट आधी कुजतं, सेल्युलोज त्यामागून, लिग्निन सर्वांत शेवटी. जिवाणू, बुरशी, गांडुळं यांच्या या कामातून जे गडद, सावकाश कुजणारं द्रव्य उरतं आणि चिकणमातीच्या कणांना धरून बसतं, तो ह्यूमस. तो मातीचे रवे बांधतो. मग पाणी मुरतं, हवा खेळते. कॅल्शियम, पोटॅश, अमोनियम तो धरून ठेवतो आणि मुळांना लागेल तसं देतो.

असा ह्यूमस शेतातल्या काडीकचऱ्यातून तयार करण्यासाठी होळकरांच्या इंदुरात कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२०च्या दशकात कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. १९३१ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. पऱ्हाट्या आणि तुराट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडायच्या, मग शेण, गुरांच्या मुताने भिजलेली माती आणि राख घालून थर रचायचे, अधूनमधून ढीग पालटायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. यात शेण हवंच. पऱ्हाटीत कर्ब फार आणि नत्र थोडं. ती नुसती गाडली, तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र उचलतात आणि पीक पिवळं पडतं. त्याच पऱ्हाट्या आज कित्येक बांधांवर पेटवल्या जातात.

ह्यूमस एकदा घातला आणि काम झालं, असं आपल्या उष्ण मुलखात होत नाही. पिकाबरोबर जे उचललं, त्यातलं काही दरवर्षी परत द्यावं लागतं. हे जमिनीचं देणं आहे, आणि ते एकट्या शेतकऱ्याचं नाही. त्याचं धान्य आणि भाजी शहरात येते. तिची सालं आणि देठं कचराडेपोवर जातात.

दुपारचं जेवण मंडपामागे आहे. उष्ट्याखरकट्याचं पिंप वेगळं ठेवलंय. ते खतासाठीच आहे. व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर सांभाळून घ्यावं. आणि इथून जाताना शेतकऱ्यांनी पऱ्हाट्या न पेटवण्याचा, तर शहरवासीयांनी ओल्या कचऱ्यात प्लास्टिक न मिसळण्याचा निश्चय करून जावं, एवढी विनंती करतो.