जागा तशी मोकळीच आहे

मी मेलबर्नहून बोलतेय, आवाज तुटला तर हात वर करा.

मी इथे समाजकार्य शिकते. पहिल्या वर्षी इथल्या आदिवासींवर एक विषय होता. खरं सांगते, सोपा वाटला म्हणून घेतला.

माझं पहिलं सादरीकरण मकासारच्या खलाशांवर होतं. हे इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचे मुसलमान. निदान अठराव्या शतकापासून ते मोसमी वाऱ्यांवर ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर, योलंगू लोकांकडे यायचे. समुद्रकाकडी पकडून, उकडून, वाळवून न्यायचे. ती पुढे चीनला विकली जायची. बदल्यात कापड, तंबाखू, लोखंड द्यायचे. 1907 मध्ये त्यांची शेवटची बोट परतली, कारण सरकारने परवानेच बंद केले. पण योलंगू भाषेत पैशाला आजही 'रुपिया' म्हणतात, आणि खलाशांच्या जुन्या तळांवर चिंचेची झाडं उभी आहेत. रुपया आणि चिंच! मी कोकणातली, मला कोण आनंद झाला.

वर्गातली एक आदिवासी मुलगी नंतर म्हणाली, "छान बोललीस. पण तुझ्या गोष्टीत आमचे लोक नुसते किनाऱ्यावर उभे आहेत."

मग मी त्यांची बाजू वाचायला लागले. 1963 मध्ये सरकारने योलंगूंच्या जमिनीवर बॉक्साइटच्या खाणीला वाट करून दिली. त्यांनी संसदेला अर्ज पाठवले. मजकूर त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत, कागद झाडाच्या सालीवर चिकटवलेला, भोवती रंगवलेली चित्रं. ती नक्षी नव्हती. या जमिनीशी आमचं नातं काय, हे त्यांच्या कायद्याप्रमाणे सांगणारा तो दस्तच होता. खाण झालीच. 1971 मध्ये ते कोर्टातही हरले. 'इंग्रज आले तेव्हा ही जमीन कुणाचीच नव्हती' हे गृहीतक मोडायला 1992 उजाडलं, तेही टोरेस सामुद्रधुनीतल्या एडी माबोंच्या खटल्यात. निकाल ऐकायला माबो नव्हते, काही महिने आधीच वारले.

हे सगळं मी चांगल्या मार्कांनी पास झाले. आणि गेल्या महिन्यात अब्बांचा फोन आला.

माणगावजवळची आमची जमीन चाचा एका फार्महाऊसवाल्याला देतायत. मी म्हटलं, "तिथे कातकरवाडी आहे ना?" अब्बा म्हणाले, "झोपड्या आहेत चार. जागा तशी मोकळीच आहे."

दिवाळीनंतर वाडीवरची माणसं वीटभट्ट्यांवर जातात, त्यामुळे अर्धं वर्ष वाडी ओस दिसते, हे खरं. पण आमच्या आंब्यांची राखण त्यांनीच केली, दादीच्या लग्नाआधीपासून. सातबाऱ्यावर नाव आमचं. त्यांच्याकडे दाखवायला काहीच नाही. 'तुम्ही इथले कधीपासून?' हा प्रश्न आपल्याला किती झोंबतो, तुम्हाला सांगायला नको. तो आमच्याच घरातून विचारला जाईल असं मला वाटलं नव्हतं.

चाचा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, फी कुठून आली ते विचार तिला. याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण थोडी तिथूनच आली.

एका वकील मैत्रिणीने सांगितलं, वाडीला गावठाणात घ्या असा अर्ज कलेक्टरकडे करता येतो. पण तो वाडीने करायचा, मी नाही. व्यवहार अजून झालेला नाही. मी जूनमध्ये येतेय. दादीला विचारलं, राखणीला यायची त्या बाईंचं नाव काय? तिला आठवेना. म्हणाली, "पाऊस लागल्यावर ये, तोवर सगळे भट्टीवरून परतलेले असतात. तूच विचार."