कळमनुरी मतदारसंघ आणि आपले मत



निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांतील तरुण एक प्रश्न हमखास विचारतात. हिंगोली जिल्ह्यात वसमत, कळमनुरी आणि हिंगोली असे विधानसभेचे तीन मतदारसंघ आहेत आणि तिन्ही खुले आहेत. राज्याच्या २८८ जागांपैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. त्यांतली आपल्याला जवळची म्हणजे पैनगंगेपलीकडचे उमरखेड. मग इथे आपल्या मताला किंमत ती काय?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही कळमनुरीच्याच निकालांत शोधतो. रजनीताई सातव येथून आमदार झाल्या, राज्यात मंत्रीही झाल्या. त्यांचे चिरंजीव राजीव सातव २००९ मध्ये काँग्रेसकडून निवडून आले. २०१४ मध्ये ते लोकसभेला उभे राहिले आणि सहा विधानसभा क्षेत्रांच्या हिंगोली मतदारसंघातून अवघ्या १,६३२ मतांनी विजयी झाले. मोदी लाटेत काँग्रेसला महाराष्ट्रात दोनच जागा मिळाल्या, त्यांतली ही एक. एवढी मते आपल्या दोन-तीन मोठ्या गावांत सहज निघतात! (२०२१ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले.)

२०१४ च्याच विधानसभेत डॉ. संतोष टारफे आमदार झाले. ते आदिवासी समाजातले. जागा खुली म्हणजे आपल्यासारख्यांना बंद, असे मानणाऱ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

२०१९ चा निकाल तर विद्यार्थ्यांनी वहीत उतरून घ्यावा असा आहे. शिवसेनेचे संतोष बांगर विजयी झाले. दुसऱ्या क्रमांकावर वंचित बहुजन आघाडीचे अजित मगर होते, आणि विद्यमान आमदार टारफे तिसऱ्यावर गेले. दुसऱ्या-तिसऱ्याची मते एकत्र केली तर ती विजयी उमेदवाराहून बरीच अधिक होतात. कोणी कोणाची मते खाल्ली, हा वाद चावडीवर आजही रंगतो. आम्हांला तो निरर्थक वाटतो. आपली मते आपण दिली, ती कोणाच्या मालकीची नव्हती. मात्र निवडणुकीआधी एकत्र बसून बोलणी का झाली नाहीत, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

पुढे जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. बहुमत चाचणीच्या दिवशी बांगर शिंदे गटाकडे गेले. मतदाराला कोणी विचारले नाही. तरीही २०२४ मध्ये त्याच मतदाराने त्यांना पुन्हा निवडून दिले, आणि समोर होते उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडून उभे राहिलेले टारफे! पक्षाची पाटी बदलते, माणसे तीच राहतात. म्हणून आम्ही सांगतो, पाटीबरोबर कामही पाहा. आमदाराने सभागृहात कोणते तारांकित प्रश्न विचारले, वसतिगृहासाठी व शिष्यवृत्तीसाठी तोंड उघडले का, स्थानिक विकास निधी आपल्या वस्तीपर्यंत आला का, हे लेखी विचारता येते.

१९८९ पासून मताचे वय २१ वरून १८ झाले आहे. आता वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या एक तारखेला १८ पूर्ण करणाऱ्यांना नाव नोंदवता येते. त्यासाठी नमुना ६ भरावा लागतो. अर्ज भरताना अडचण येत असेल त्या विद्यार्थ्यांनी आज सभा संपल्यावर आम्हांला भेटावे.

जयभीम.