कारखान्याचा लौकिक आणि कामगाराची वाणी



समाजमाध्यमांच्या साहाय्याने कंपनीचा लौकिक कसा वाढवावा आणि नोकरवर्गाची आस्था कशी जागृत ठेवावी, हे दोन प्रश्न आपण या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन स्वतंत्र सत्रांत घातले आहेत. माझ्या मते ते मुळात एकच आहेत, आणि त्यांची फारकत केली की दोन्ही उद्दिष्टे हातची जातात, एवढेच प्रतिपादन करण्यासाठी मी आज उभा आहे.

महाराष्ट्राला हा विषय अपरिचित नाही. औंध संस्थानातील उजाड माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्याची वसाहत वसविली, आणि १९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे गृहपत्र सुरू केले. कारखान्याच्या लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी धास्ती ज्या काळी शेतकऱ्यांच्या मनात होती, त्या काळी निव्वळ मालाची स्तुती छापून कोणाचा विश्वास बसला असता? शंकररावांनी वाचकाला त्याच्या स्वतःच्या आयुष्याला उपयोगी पडेल असा मजकूर दिला, आणि म्हणूनच त्या गृहपत्रातून पुढे ‘किर्लोस्कर’सारखे मासिक व त्याच्या जोडीला १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ निघू शकले. कारखान्याचे नाव घरोघर गेले ते या वाटेने.

त्या पत्राला संपादक एक होता. आज प्रत्येक कामगाराच्या खिशात छापखाना आहे, हा भेद मात्र मूलगामी आहे. ३१ जानेवारी २०१३ रोजी, आर्थिक डबघाईला आलेल्या एचएमव्ही या ब्रिटिश कंपनीने नोकरकपात चालविली असता, कंपनीच्याच अधिकृत ट्विटर खात्यावरून तिच्याच कर्मचाऱ्याने त्या कपातीच्या बैठकीची वार्ता जगाला दिली. विपणनप्रमुख खाते बंद कसे करावे याची चौकशी करीत असल्याचेही त्यातच प्रसिद्ध झाले. मजकूर काही वेळाने पुसला गेला, पण त्याच्या प्रती तोवर सर्वत्र पसरल्या होत्या. या प्रकरणाचा बोध म्हणून खात्याच्या किल्ल्यांचा बंदोबस्त करावा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बंदोबस्त अवश्य करावा. परंतु ज्यांना काढावयाचे त्यांना आधी विश्वासात घेतले असते, तर ती वार्ता अशी चव्हाट्यावर आली असती का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे असे विश्वासात घेण्याच्या उलट एक रीत रूढ होत आहे, आणि तिच्याविषयी मला मनापासून खेद होतो. सकाळी वरिष्ठांचा निरोप येतो, कंपनीची पोस्ट प्रत्येकाने आपापल्या खात्यावरून शेअर करावी, आणि संध्याकाळपर्यंत कोणी केली नाही याची यादी दप्तरी रुजू होते. ही वेठ आहे. आणि वेठीने मिळविलेली प्रशंसा वाचणाऱ्याला तत्काळ ओळखू येते, कारण शंभर माणसे एकच वाक्य, त्यातील स्वल्पविरामासकट, लिहीत असतात. याउलट ओतशाळेतला एखादा कारागीर, पाळी सुटल्यावर, साच्यातून नुकत्याच काढलेल्या निर्दोष पंपाच्या कवचाचा फोटो आपण होऊन टाकतो, खाली आपल्या बोलीत दोन ओळी लिहितो, आणि गावाकडचे लोक त्याला विचारतात की हे तू केलेस का. त्या एका प्रश्नात त्या कारागिराचा अभिमान आणि कंपनीची पत ही दोन्ही एकदमच वाढतात. अशा कारागिराला हुकुमाने निर्माण करता येत नाही. त्याची रजेची तक्रार तीन महिने पडून राहिली नसेल, पाळीच्या व्हॉट्सॲप गटात त्याने विचारलेल्या शंकेला साहेबांनी उत्तर दिले असेल, आणि अपघाताची बातमी त्याला वर्तमानपत्राआधी कंपनीकडून कळली असेल, तरच तो आपण होऊन लिहील.

म्हणून माझी सूचना अशी की, कर्मचाऱ्याच्या खाजगी खात्यावर कंपनीचा मजकूर टाकण्याची सक्ती कोणत्याही सेवानियमांत असू नये, आणि बाहेरच्या जगासाठी काढलेले प्रत्येक महत्त्वाचे निवेदन आधी कामगारांना मराठीत मिळावे, या दोन कलमांचा ठराव या परिषदेने करावा. मसुदा आपल्या हाती दिलेला आहे. ज्यांना त्यावर हरकत घ्यावयाची असेल त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत, म्हणजे दुपारच्या सत्रात प्रथम त्यांनाच बोलण्यास पाचारण करता येईल.