लायब्ररी सोडून जायचं कुठं?

आजचा विषय पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांचा. एपिक फुकट गेम वाटतं, ते आपण घेतोही. पण खिशातून पैसे काढायची वेळ आली की पुन्हा स्टीमवरच जातो. असं का?

आपला कोहमारा चौक बघा, नागपूर-रायपूर महामार्गावरचा. ट्रक ड्रायव्हरला एका ठेल्यावरचा चहा नाही आवडला, तर पुढच्या खेपेला तो दुसरीकडे थांबतो. त्याचं काही अडत नाही. गेमच्या दुकानात मात्र आजवरची सगळी खरेदी त्या दुकानातच राहते. दुकान बदललं की लायब्ररी मागे राहिली, मित्रांची यादीही मागे राहिली.

स्टीम व्हॉल्व्ह कंपनीनं २००३ मध्ये सुरू केलं. एपिकचं दुकान आलं डिसेंबर २०१८ मध्ये. स्टीम विक्रीतले साधारण ३० टक्के ठेवतं. फार मोठी विक्री झाली तर हा वाटा २५ आणि पुढे २० टक्क्यांवर येतो. एपिकनं सुरुवातच १२ टक्क्यांनी केली. मे २०२० मध्ये तर जीटीए फाइव्ह फुकट दिला, आणि गर्दीनं त्यांची साइट बसली.

आता हिशेब करा. कर बाजूला ठेवू. १०० रुपयांच्या गेममागे विकणाऱ्याच्या हाती स्टीमवर साधारण ७० पडतात, एपिकवर निदान ८८. आपल्याला मात्र बहुतेक वेळा दोन्हीकडे १००च मोजावे लागतात. म्हणजे निदान १८ रुपयांचा फायदा त्यांचा आणि दुकान बदलायचा त्रास आपला. त्यात एपिकवर डिसेंबर २०२१ पर्यंत साधी शॉपिंग कार्टसुद्धा नव्हती. मग कोण हलणार?

याची किंमत गेम बनवणारे मोजतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' काढला. अशा छोट्या टीमसाठी १०० मागे निदान १८ रुपये म्हणजे पुढच्या गेमचे पगार. पण गिऱ्हाईक जिथं, तिथंच माल मांडावा लागतो. मोठ्यांचीही तीच गत. ईए कंपनीनं अनेक वर्षं आपले नवे गेम स्टीमबाहेर ठेवले, २०१९ मध्ये परत आली. युबिसॉफ्टही २०२२ मध्ये परतली.

मोबाइलचं आठवा. नंबर पोर्टेबिलिटी देशभर लागू झाली जानेवारी २०११ मध्ये. त्याआधी रेंज नसली तरी नंबर जाईल म्हणून लोक तीच कंपनी धरून बसायचे. त्याला निष्ठा म्हणायचं का? गेमच्या लायब्ररीला अजून पोर्टेबिलिटी नाही. जीओजी गॅलेक्सीमध्ये वेगवेगळ्या दुकानांतले गेम एका यादीत दिसतात, पण ती फक्त यादी. गेम ज्याच्या त्याच्या दुकानातच.

मग करायचं काय? एकट्यानं खेळायचा गेम जीओजीवर असेल तर तिथून घ्या. तिथं डीआरएम नसतं, इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो. जिथं मोठा गेम उतरवायला अख्खी रात्र जाते, तिथं ही सोय लहान नाही भाऊ. मित्रांसोबत खेळायचा गेम मित्र असतील तिथं घ्या. बाकी दोन दुकानांत किंमत सारखी असेल, तर बनवणाऱ्याला जास्त कुठं मिळतं तेही बघा.

तुमची लायब्ररी कुठं आहे, आणि तिथं तुम्ही आवडीनं आहात की अडकून, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!